साडी फाडायची भीती: चार साड्या, एक गोधडी

गोधडीला लागतो तो साधा धावदोरा. तो बहुतेकांना येतो. काम अडतं त्याच्या आधी, साडीला कात्री लावायच्या क्षणी. म्हणून पुष्कळ घरांत सुती साड्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात घड्यांवर विरत पडलेल्या असतात आणि "एकदा गोधडी करायचीय" हे वाक्य दर हिवाळ्यात नव्याने म्हटलं जातं. या नोंदींत वेळ आणि खर्चाच्या जोडीला भीतीचाही आकडा दिला आहे, दहापैकी. तो कुठे चढला, कुठे उतरला आणि कशाने, एवढंच बघायचं.

ठरवलेलं माप: तयार गोधडी 60 बाय 84 इंच, म्हणजे 5 बाय 7 फूट. पाच थर. सगळं हाताने, मशीन नाही. कोल्हापूर-साताऱ्याकडे हिला वाकळ म्हणतात.

9 नोव्हेंबर 2024, शनिवार
वेळ अडीच तास. खर्च नाही. भीती 8.

सात साड्या बाहेर काढल्या, चार निवडल्या: सायीच्या रंगाची मलमल, मरून, निळी इरकल आणि हिरवी. निवडताना तीन गोष्टी बघायच्या. एक, कापड खिडकीसमोर धरायचं. जाळीसारखं दिसलं तर तो भाग बाद. नेसणीच्या निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग हमखास विरलेला निघतो. दोन, दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड ताणायचं. टर्रकन गेलं तर ते आतल्या थरालाही नको, कारण पहिल्या धुण्यातच आत त्याचा चुरा होतो आणि तिथे गोधडी पोकळ लागते. तीन, साडी खरंच सुती आहे का. एक दोरा ओढून, चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून पेटवायचा. सुती दोरा कागदासारखा जळतो, राख बोटांत चुरते. पॉलिस्टर आक्रसून वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी होतो.

इथे एक चूक झाली, ती आठवड्याने कळली. दोरा फक्त एका दिशेचा जाळला. ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे, दोन्ही दोरे तपासा.

जरीचे काठ असतील तर ते पूर्ण काढावे लागतात. जर अंगाला टोचते आणि सुई अडते.

मग फॉल उसवला. एका साडीला पाऊण तास. ओढून काढू नका, विरलेलं कापड फॉलबरोबर येतं. दर चौथा टाका ब्लेडने कापायचा, मग दोरा आपसूक निघतो. फॉलखालची पट्टी मूळ गडद रंगाची राहिलेली असते. ती दोष समजून कापून टाकू नका, पुढे उपयोग आहे.

10 नोव्हेंबर
वेळ दिवसभर, हाताचं काम दीड तास. भीती 9.

आजचा दिवस फसला. चारही साड्या एका टबात भिजवल्या. "इतक्या वर्षांत कितीदा धुतल्यात, आता कसला रंग जाणार" हा हिशेब चुकला. मरून साडीने रंग सोडला आणि सायीच्या मलमलीवर हातभर गुलाबी ढग उमटला. मरून साडी वापरात कमी असावी. शिवाय पाणी कोमट होतं आणि भिजवणं लांबलं, चार तास.

चाचणी दोन मिनिटांची होती, केली नाही: साडीचं टोक ओलं करायचं, त्यावर पांढरा सुती रुमाल ठेवायचा, वरून गरम इस्त्री दहा सेकंद दाबायची. रुमालावर रंग आला तर ती साडी एकटी धुवायची, पाणी स्वच्छ निघेपर्यंत.

डाग पडल्यावर काय केलं: मलमल ओली असतानाच बाहेर काढून थंड साबणाच्या पाण्यात तीनदा धुतली. उन्हात टाकली नाही. वाळलेला डाग पुन्हा हलत नाही. निम्मा उतरला, निम्मा राहिला. मीठ घातल्याने रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. आधीच रंगवलेल्या कापडावर त्याचा उपयोग होत नाही. मरून साडीला मूठभर मीठ घालून बघितलं, पाणी तसंच लाल.

भीतीचा आकडा वाढला तो इथे, फाडण्याच्या आधीच. पण यातून एक चांगलं झालं. मलमल आता "चांगली" राहिली नव्हती.

14 नोव्हेंबर
खर्च 385 रुपये. भीती 6.

क्रोशाचा सुती दोरा, 20 नंबर, पाच गुंड्या: 250 रुपये. जाड शिवणाच्या, मोठ्या नेढ्याच्या सुया दोन पाकिटं: 50. पत्र्याचं अंगुस्तान (शिवताना बोटात घालायची टोपी): 15. मेण, लहान वडी: 40. शिंप्याचा खडू: 10. कच्च्या शिलाईसाठी पांढरं रीळ: 20.

आधी क्रोशाचाच 10 नंबरचा दोरा घरात होता म्हणून तो घालून पाहिला. नेढ्यातून जातो, पण पाच थरांतून ओढताना दर टाक्याला झटका लागतो. या दोऱ्यात आकडा वाढेल तसा दोरा बारीक होतो. मशीनचा पॉलिस्टर दोरा दुहेरी करून वापरू नका. तो पिळतो, गाठी पडतात, आणि जुनं कापड विरलं तरी स्वतः झिजत नाही, उलट भोकं मोठी करतो. गोणपाटाचा दाभणही नको. त्याने पडलेली भोकं मलमलीत बुजत नाहीत.

फुकटातली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन इंचांचा तुकडा. सुई अडकली की त्यात धरून ओढायची. याने बोटं वाचली तेवढी अंगुस्तानानेही नाही.

16 नोव्हेंबर
वेळ चार तास, त्यात फाडण्याचा प्रत्यक्ष वेळ चाळीस मिनिटं. भीती 9, संध्याकाळी 3.

सुती साडी कापायची नसते, फाडायची असते. कात्री तिरकी जाते. फाडलेली चीर बाण्याच्या दोऱ्याला धरून सरळ जाते. दोन्ही काठ घट्ट विणलेले असतात, ते मात्र कात्रीनेच कापायचे. एका काठाला कात्री लावून आत इंचभर चीर द्यायची, दोन्ही हातांनी धरून एका दमात ओढायचं, दुसऱ्या काठाशी थांबून पुन्हा कात्री. हळूहळू फाडलं तर कडा लाटांसारख्या होतात. त्या पाणी मारून इस्त्रीने बसतात, पण अर्धा इंच वाया जातो. तंतू उडतात, ज्यांना शिंका येतात त्यांनी तोंडाला रुमाल बांधावा.

भीती मुख्यतः त्या टर्र आवाजाची आहे, हे करताना कळलं. म्हणून पायऱ्या लावल्या. पहिली पायरी उशीचा जुना अभ्रा: पाच पट्ट्या फाडल्या. आकडा 5 वर आला, पाचव्या पट्टीला 2. दुसरी, जुना सुती परकर. तिसरी, डाग पडलेली मलमल, आणि तीही आतल्या टोकाकडून. साडीचं जे टोक कमरेला खोचलं जातं ते कुणी बघितलेलं नसतं, त्याच्याशी आठवणही जोडलेली नसते. सुरुवात तिथून करायची. पदराकडून सुरुवात केली तर हात थांबतो आणि साडी परत घडीत जाते. एका पायरीवरचा आकडा निम्मा होईपर्यंत पुढच्या पायरीवर जायचं नाही, हा नियम पाळला. घाईने उडी मारण्यापेक्षा हे जलद होतं.

फाडण्याआधी प्रत्येक साडीचा पूर्ण उलगडून एक फोटो घेतला. क्षुल्लक वाटतं, पण "ही कशी होती ते विसरलं तर" हा अडथळा त्याने जातो.

हिशेब: साडी साडेपाच मीटर म्हणजे साधारण 216 इंच. 66 इंचांचे तीन तुकडे निघतात, 18 इंच उरतात. पदर अख्खा ठेवायचा असेल तर दोनच. मरून आणि इरकल यांचे पदर ठेवले. इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा असतो, अंगाशी गुंतवून जोडलेला, आणि पोतही वेगळा. गोधडीत तो घातला तर इतर थरांपासून वेगळा सरकतो. मलमल तीन, हिरवी तीन, मरून दोन, इरकल दोन: दहा तुकडे, एका थराला दोन, पाच थर.

हिरवी साडी फाटलीच नाही. ओढल्यावर कापड लांबलं आणि चीर आडवी पळाली. न तपासलेल्या दिशेचा दोरा मिश्र निघाला, जाळल्यावर मणी. तिच्या जागी चौकड्याची निळसर सुती साडी घेतली. अर्धा दिवस गेला, कारण नवी साडी तपासून, फॉल काढून, धुवून घ्यावी लागली.

फाडवतच नसेल तर न फाडताही होतं. साडी लांबीत तीन घड्या केली की 72 बाय 45 इंचांचे तीन थर मिळतात. अशा दोन साड्या एकमेकींवर ठेवा, सहा थर. सहा फुटांची, एकट्याला पुरेल अशी गोधडी, कात्री न लावता. घडीच्या दोन बाजू बंद असल्याने कडाही कमी मुडपाव्या लागतात.

17 नोव्हेंबर
वेळ तीन तास. भीती 7.

थर मांडले. साडीचा पन्हा (रुंदी) 45 इंच, हवेत 88. दोन तुकडे शेजारी ठेवून एक इंच एकमेकांवर चढवायचे. आतल्या थरांत जोड शिवायचा नाही, शिवणीचा उंचवटा झोपताना पाठीला लागतो. सगळ्या थरांचा जोड एकाच ओळीत आला तर गोधडी तिथे दुमडते, पुढे तिथेच फाटते. म्हणून एकाआड एका थरात एक तुकडा उभा फाडून निम्मा वर, निम्मा खाली, आणि अख्खा मध्ये. मग जोड 22 आणि 66 इंचांच्या आसपास येतात.

वरचा आणि खालचा थर 64 बाय 88. आतले तीन 60 बाय 84. वरचे-खालचे दोन-दोन इंच आत मुडपले की कडा बंद.

आकडा 7 का? डाग पडलेली मलमल कुठे जाणार हे ठरवायचं होतं. सोपा मार्ग म्हणजे मधल्या थरात. पण तीनही आतले थर टणक कापडाचे हवेत आणि मलमल अंगाला सगळ्यात मऊ. ती वरच हवी. गुलाबी ढग बरोबर मध्यावर आला.

18 ते 22 नोव्हेंबर
वेळ रोज साधारण तास. भीती 6, मग 2.

वरच्या थरावर तीन भोकं, एक जुना इस्त्रीचा पिवळा डाग आणि तो ढग. ठिगळं थर टाचण्याआधी लावायची. नंतर लावली तर ठिगळाखालचं कापड आधीच टाक्यांनी आक्रसलेलं असतं आणि ठिगळ फुगतं. नंतर घातलेला धावदोरा ठिगळावरून जातो आणि ते धरून ठेवतो, म्हणून आत्ता कडेने बारीक हातशिवण पुरते.

आकार सुचत नव्हते. कागदावर काढायला बसलं की काहीच येत नाही. कागद बाजूला ठेवून स्वयंपाकघरातली भांडी आणली. वाटी साडेतीन इंच, फुलपात्र अडीच, पुऱ्या कापायचं झाकण तीन, परात चौदा. भोकांवर वाटीच्या मापाची मरून वर्तुळं आली, कडा अर्धा इंच जास्त धरून. गोल कडा मुडपताना चुण्या पडतात. उपाय: कडेने दोरा घालून, मधे पुठ्ठ्याचं वर्तुळ ठेवून दोरा ओढायचा, इस्त्री फिरवायची, पुठ्ठा काढायचा. हे कळेपर्यंत दोन वर्तुळं षट्कोन झाली. एक तसंच ठेवलं, वाईट दिसत नाही.

इस्त्रीच्या डागावर फॉलखालची गडद पट्टी. तिचे चार तुकडे करून तुळशीवृंदावन बसवलं: खाली रुंद, वर अरुंद, सगळ्यात वर हिरवा तुकडा. चार सरळ तुकड्यांत ओळखू येतं, कारण तो आकार डोळ्यांत बसलेला आहे. दारातल्या रांगोळीचंही तसंच. ठिपक्यांची रांगोळी ज्यांच्या हातात आहे त्यांना वेगळी नक्षी शिकावी लागत नाही. खडूने इंचाइंचावर ठिपके द्या आणि जी येते ती काढा. पाच ते एक ठिपक्यांची साधी रांगोळी चारही कोपऱ्यांत घेतली.

ढगाचं काय करायचं यावर दोन दिवस गेले. त्यावर परातीएवढं ठिगळ लावून झाकायचा बेत होता. तसं टाचूनही पाहिलं. इतकं मोठं जाड ठिगळ मध्यभागी आलं की घडी नीट पडत नाही. मग ठिगळ काढलं आणि ढगाची कड जशी आहे तशी खडूने गिरवली, त्यावर मरून दोऱ्याने उलटी टीप. आत दुसरी रेघ, तिच्या आत तिसरी. नकाशावर डोंगर दाखवतात तसं झालं. गोधडीतला हाच भाग आता सगळे आधी बघतात.

आखायला काय वापरू नये: बॉलपेन (जात नाही), पेन्सिल (मळकट पसरते). अंगाच्या साबणाची झिजलेली चिपटी खडूपेक्षा बरी, पहिल्या धुण्यात जाते. फिकट कापडावर मात्र खडू.

23 नोव्हेंबर
वेळ दोन तास. भीती 2.

कच्चा दोरा, म्हणजे थर तात्पुरते धरून ठेवणारी शिलाई. फरशी पुसून, खालचा थर उलटा पसरून, कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवल्या. एकेक थर हाताने मधून बाहेर सारत बसवला. टाचण्या लावून ठेवू नका, महिनाभर राहिल्या तर गंजतात आणि तो तांबडा ठिपका कायमचा. कच्चा दोरा उभा-आडवा, वीस-वीस इंचांवर घातला.

वीस इंच फार झाले. पुढे बघा.

24 नोव्हेंबर ते 2 डिसेंबर
वेळ रोज तास-सव्वा तास. भीती 1.

आता धावदोरा: बाहेरून आत, वेढ्यावेढ्याने, दोन ओळींत एक इंच. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी बायका कौदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कडेकडून आत शिवत जातात. पोर्तुगीज काळात गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज त्यांच्यात आहेत. या बायका कौदीच्या कोपऱ्यांवर कापडी त्रिकोणी फुलं लावतात. त्याशिवाय कौदी पुरी झाली असं मानत नाहीत. इथे कोपऱ्यात रांगोळी आहे, त्यामुळे फुलं घेतली नाहीत.

पहिला वेढा 288 इंच. पुढचा प्रत्येक आठ इंचांनी कमी. तीस वेढ्यांत एकूण सुमारे 131 मीटर टाके. हिशेब आधी मांडून ठेवा, कारण पहिल्या वेढ्याला दोन तास लागतात आणि माणूस "दोन गुणिले तीस" करून हात टेकतो. तसं नसतं. अकराव्या वेढ्यातच अर्धं काम मागे पडतं.

टाका: सुई उभी खुपसायची. आडवी धरली की वरचे तीन थर पकडले जातात, खालचे दोन सुटतात, आणि हे वरून दिसत नाही. दर सहा इंचांनी पालथं करून बघा. इंचाला चार टाके पुरेत. दोरा नाकापासून ताणलेल्या हातापर्यंत एवढाच, जास्त घेतला तर गुंततो आणि ओढून ओढून पिंजतो. तो मेणावरून एकदा फिरवायचा. मेणबत्तीही चालते, पण मग त्या जागी इस्त्री फिरवू नये, तेलकट डाग येतो. गाठ वर ठेवू नका. थरांमध्ये ओढून एक उलटा टाका.

बोटाला सुई लागली आणि मलमलीवर रक्ताचा थेंब पडला तर लगेच थंड पाणी. गरम पाण्याने तो कायमचा बसतो.

बसण्याची पद्धतही लिहून ठेवतो. मांडी घालून, गोधडी मांडीवर घेऊन शिवलं तर मान धरते आणि कापड गोळा होतं. पाटावर बसून, गोधडी सपाट फरशीवर, फक्त हातातली कड उचललेली. चाळीस मिनिटांवर उठायचं.

3 डिसेंबर
भीती 6.

सहा वेढे झाल्यावर पूर्ण पालथी केली. पाठीला, उजव्या बाजूला, हातभर लांब चुणी. खालचा थर दुमडून तसाच शिवला गेला होता. कारण वीस इंचांचा कच्चा दोरा आणि मांडीवर घेऊन केलेले दोन वेढे, चौथा-पाचवा.

कापून वर ठिगळ लावावं का? नाही. चुणी पुढच्या प्रत्येक वेढ्याबरोबर आत ढकलली जाते आणि मध्यावर फुगा होऊन बसते. उसवणं हाच उपाय. चौथा, पाचवा, सहावा वेढा उसवला: 768 इंच, उसवायला दीड तास आणि परत शिवायला पाच तास वीस मिनिटं. सगळ्या कामातला हा सर्वांत मोठा तोटा.

परत शिवण्याआधी पूर्ण गोधडी पुन्हा फरशीवर ताणून, कच्चा दोरा वीत-वीत अंतरावर, साधारण नऊ इंच, दोन्ही दिशांनी घातला. याला तीन तास जातात. हे तीन तास पहिल्यांदाच घालवा.

एक बारीक गोष्ट: उसवल्यावर मलमलीत भोकं दिसतात. घाबरू नका. पाण्याचा हबका मारून नखाने आडवं-उभं घासलं की दोरे परत जागेवर येतात.

14 डिसेंबर
वेळ दोन तास वाया. भीती 9.

सुई हरवली. पाच सुया बाहेर होत्या, रात्री मोजल्या तर चार. गोधडीत सुई राहणं ही एकच भीती अशी आहे की ती घालवायची नाही, पाळायची. लहान मूल त्यावर लोळणार असतं.

हाताने चाचपडू नका. जुन्या स्पीकरमधलं चुंबक कागदात गुंडाळून इंचाइंचाने दोन्ही बाजूंनी फिरवलं. फ्रिजवरची शोभेची चुंबकं दुबळी असतात, पाच थरांतून ओढत नाहीत. सुई सापडली ती गोधडीत नाही, पाटाच्या खाचेत. तेव्हापासून: दोनच सुया बाहेर, कामाआधी आणि नंतर मोजून वहीत आकडा. सुईत दोरा नसेल तर ती डबीत. काम संपल्यावर पुन्हा पूर्ण चुंबक फिरवायचं, सुई हरवलेली नसली तरी.

21 डिसेंबर
भीती 0.

पंधरावा वेढा, 176 इंच. पांढरा दोरा कंटाळवाणा वाटायला लागला म्हणून इथून दर तिसरा वेढा मरून, मध्ये एक हिरवा. दोऱ्याचा रंगही जातो. मरून गुंडी आधी भिजवून, वाळवून घेतली. 10 नोव्हेंबरचं शिक्षण.

टाके वाकडे आहेत. सरळ ओळीसाठी तीन दिवस खडूने रेघा मारून पाहिलं, वेग निम्मा झाला. सोडून दिलं. मागच्या ओळीपासून अंगठ्याच्या रुंदीएवढं अंतर, तेवढाच नियम. धुतल्यावर कापड सुरकुततं आणि वाकडेपणा त्यात विरतो.

5 जानेवारी 2025
वेळ दीड तास.

शेवटचे चार वेढे. मध्यावर कापड थोडं जास्त उरलं, बोटभर. कडेकडून आत शिवताना हे थोडं होतंच. ते एका जागी दाबून टाकू नका. शेवटच्या दोन वेढ्यांत टाके बारीक करून, इंचाला सहा, ते चिमटी-चिमटीने वाटून घेतलं. कच्चा दोरा काढला. एकूण टाक्यांचा वेळ, उसवलेले वेढे पुन्हा शिवण्यासह, चाळीस तासांच्या आसपास.

11 जानेवारी
वेळ दिवसभर वाळवण.

चुंबक फिरवलं. धुतली. कोरडी 1 किलो 800 ग्रॅम. ओली एकट्याने उचलवत नाही. टबात थंड पाणी, साबण, पायांनी तुडवायची. पिळायची नाही, टाके तुटतात. टबाच्या कडेवर अर्धा तास निथळू द्यायची, मग दोन समांतर दोऱ्यांवर आडवी, म्हणजे वजन एका ओळीवर येत नाही. रंग जाऊ नये म्हणून उलटी बाजू उन्हाकडे.

वाळल्यावर माप 58 बाय 82 इंच. शिवणीने आणि धुण्याने दोन-दोन इंच खाल्ले. नेमकं 5 बाय 7 हवं असेल तर सुरुवातच 62 बाय 86 ने करा.

दोऱ्याच्या पाचपैकी साडेतीन गुंड्या संपल्या, चार आणायला हव्या होत्या. सुया तीन मोडल्या, तिन्ही कोपऱ्यांत, मुडपलेल्या कडांमुळे तिथे थर दुप्पट असतात. कोपऱ्यावर आतले तीन थर अर्धा इंच तिरके कापून टाकले तर हे टळतं.

19 जानेवारी

उरलेल्या पट्ट्यांचं दुपटं होतंय, 30 बाय 36, तीनच थर. फाडायला बारा मिनिटं लागली. आकडा लिहायचा राहिला, लक्षातच आलं नाही. मरून पदरही फाडला, दुपट्याच्या मध्यभागी. इरकलीचा पदर अजून अख्खा आहे, वेगळ्या पिशवीत, कडुनिंबाचा पाला घालून.